डोंगरावरच्या घरांसाठी छतावरचं पावसाचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेर पागोळ्या धो धो गळत असतात आणि घरातलं कुणीतरी डोक्यावर छत्री धरून हंडा भरायला खालच्या झऱ्याकडे निघालेलं असतं. हे पाहिलं की जीव तुटतो, कारण तितकं पाणी दोन मिनिटांपूर्वी त्याच घराच्या छपरावरून ओघळून गेलेलं असतं. ते अडवायला फार मोठं तंत्र लागत नाही. पण सपाटीवरच्या घराची योजना उचलून डोंगरावर आणली की ती फसते. खालची उत्तरं उतारावरच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. दोन गोष्टींचा आग्रह त्यांत पुन्हा पुन्हा दिसेल: टाकीचं माप कोरड्या दिवसांवरून ठरवा, आणि टाकी भरल्यावर पाणी कुठे जाणार हे टाकी बांधण्याआधी ठरवा.

आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो. मग साठवायची गरजच काय?

पाऊस भरपूर असतो, पण त्याचं पाणी डोंगरावर थांबत नाही. उतारावर मातीचा थर पातळ असतो, खाली कातळ असतो आणि आलेलं पाणी काही तासांत ओढ्यातून दरीत उतरतं. मेघालयातल्या चेरापुंजीला, म्हणजे सोहराला, वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. तरीही तिथे हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. यातच सगळं आलं.

दुसरं कारण अंगमेहनतीचं आहे. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो वजन, आणि झरा बहुधा घराच्या खालच्या अंगाला असतो. रिकामं भांडं घेऊन उतरायचं आणि भरलेलं घेऊन चढायचं. छपरावरचं पाणी मात्र थेट दारात पडतं.

आमच्या छतावरून किती पाणी मिळेल?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छताचं क्षेत्रफळ गुणिले पाऊस, आणि त्यातून थोडी घट.

क्षेत्रफळ मोजताना एक चूक हमखास होते. उतरत्या छपराची तिरकी लांबी धरू नका. छपराची जमिनीवर सरळ सावली पडली तर ती जेवढी जागा व्यापेल तेवढंच क्षेत्रफळ धरायचं, वळचणीचा पुढे आलेला भाग धरून. छप्पर कितीही उभट केलं तरी त्याने आकाशातून जास्त पाऊस गोळा होत नाही.

घट छपराच्या प्रकारावर अवलंबून असते. पत्र्यावरून ८० ते ९० टक्के पाणी हाती लागतं, कौलांवरून त्याहून थोडं कमी, काँक्रीटच्या स्लॅबवरून ७० ते ८० टक्के. गवताचं छप्पर बरंचसं पाणी स्वतःच पिऊन टाकतं.

उदाहरण घेऊ. घराची सावली ८ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. छप्पर पत्र्याचं, पण पन्हळीतून (छपराच्या कडेला लावलेल्या नालीतून) उडणारं आणि सुरुवातीला मुद्दाम सोडून दिलेलं पाणी वजा करून ८० टक्के धरू. २५ मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत ९६० लिटर मिळतात. वर्षाला १,५०० मिलिमीटर पाऊस असेल तर ५७,६०० लिटर.

डोंगरात वाऱ्याचाही हात असतो. तिरका पाऊस वाऱ्याकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूवर, जास्त पडतो आणि पलीकडचा पाखा त्या मानाने कोरडा राहतो. दोनांपैकी एकाच बाजूला पन्हळ लावण्याइतके पैसे असतील तर ती वाऱ्याच्या बाजूला लावा.

पावसाचा आकडा कुठला धरायचा?

जवळच्या पर्जन्यमापक केंद्राचा आकडा सुरुवातीला चालेल, पण त्यावर विसंबू नका. डोंगराच्या एका अंगाला मुसळधार आणि खांद्यापलीकडे रिमझिम, हे नेहमीचं आहे. सरळ उभ्या भिंतीचा एक डबा मोकळ्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, सपाट ठेवा. रोज सकाळी त्यातलं पाणी पट्टीने मोजा, लिहा आणि ओतून टाका. एका हंगामाची ही वही पुढे फार उपयोगी पडते. सगळ्यांत महत्त्वाची नोंद म्हणजे ओळीने किती दिवस डबा रिकामा राहिला.

टाकी किती मोठी हवी?

बहुतेक लोक वर्षाचा एकूण पाऊस पाहून टाकीचं माप ठरवतात. मग एक तर डोळे पांढरे होतील एवढी टाकी निघते, नाहीतर खर्च पाहून बेतच सोडून दिला जातो. हिशेब उलट्या टोकाने करा. पाऊस नसलेला सलग काळ किती दिवसांचा असतो, आणि त्या काळात रोज किती पाणी लागतं?

समजा घरात पाच माणसं आहेत. पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं, थोडी भांडी एवढ्यासाठी माणशी २० लिटर धरले तर रोज १०० लिटर लागतात. कोरडा काळ ९० दिवसांचा असेल तर ९,००० लिटर, वर थोडी शिल्लक धरून १०,००० लिटरची टाकी. वरच्या उदाहरणातल्या छतावरून ९,००० लिटर भरायला साधारण २३५ मिलिमीटर पाऊस पुरतो. डोंगरात तेवढा बहुतेकदा पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातो.

आता फक्त पिण्याचा आणि स्वयंपाकाचा विचार करा. माणशी ७ लिटर, म्हणजे घराला रोज ३५ लिटर. ९० दिवसांना ३,१५० लिटर. हे माप पुष्कळ घरांच्या आवाक्यात असतं. पैसे कमी असतील तर माझं सरळ सांगणं असं की ही साडेतीन हजार लिटरची छोटी टाकी आधी करा. कपडे, गुरं, बाग यांचं पाणी झऱ्यावरून येत राहू दे. पिण्याचं पाणी दारात आलं तरी घराचा दिवस बदलतो.

पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत असेल तर आणखी लहान टाकी चालते. महिन्यांची एक वही मांडा: या महिन्यात आलं किती, गेलं किती, उरलं किती. उरलेला आकडा ज्या महिन्यात शून्याखाली जातो, तिथे टाकी कमी पडते.

छप्पर कोणतं असलं तर पाणी पिण्याजोगं राहतं?

जस्ताचा मुलामा दिलेला किंवा रंगीत पत्रा सर्वांत सोयीचा. तो गुळगुळीत असतो, लवकर धुतला जातो, आणि उन्हात इतका तापतो की वरचे पुष्कळ जंतू तिथेच मरतात. भाजलेली कौलं आणि पाटीच्या दगडाचं छप्परही चांगलं, फक्त सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं ते वरचेवर काढावं लागतं. डांबर फासलेलं छप्पर, शिशाचा अंश असलेला रंग किंवा सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या असतील तर ते पाणी पिण्यासाठी घेऊ नका. गवताच्या छपराचं पाणी पिवळसर येतं, ते जनावरांना आणि बागेला द्या.

ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याबद्दल लोक घाबरून विचारतात. त्याचा खरा धोका पाण्यातून पोटात जाण्यापेक्षा धूळ श्वासातून फुफ्फुसात जाण्याचा आहे. म्हणून असा पत्रा घासू नका, कापू नका, त्याला भोकं पाडू नका. पन्हळीचे आकडे पत्र्याऐवजी खालच्या लाकडी वाशाला मारा. छप्पर बदलायची वेळ येईल तेव्हा दुसरं निवडा.

घरात चूल किंवा शेगडी पेटते. छपरावर काजळी बसते, तिचं काय?

हा खास थंड डोंगराळ भागातला प्रश्न आहे, आणि माहितीपत्रकांत तो क्वचितच दिसतो. धुरांड्याच्या भोवतीचा पत्रा बोट फिरवून पाहा, बोट काळं होईल. ती काजळी पाण्यात उतरली तर पाण्याला धुराचा वास येतो. धुरांडं छपराच्या आढ्याच्या बरंच वर न्या, म्हणजे धूर वाऱ्यावर जातो. दोन पाख्यांपैकी धुरांडं ज्या पाख्यावर आहे त्याचं पाणी वापरण्यासाठी वेगळं घेता आलं तर उत्तम. आणि पहिलं पाणी सोडून देण्यात कंजुषी करू नका.

पन्हळ किती मोठी आणि किती उताराची असावी?

डोंगरातला पाऊस अंगावर येतो. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर २४ चौरस मीटरच्या एका पाख्यावरून मिनिटाला ४० लिटर पाणी खाली येतं, म्हणजे १० लिटरची बादली पंधरा सेकंदांत भरते. पन्हळ अरुंद असली तर नेमकं सर्वांत जास्त पाणी येतं तेव्हाच ते काठावरून उडून जातं.

ठोकताळा असा: छताच्या दर चौरस मीटरला पन्हळीच्या पोटाचं निदान एक चौरस सेंटिमीटर माप हवं, आणि सरी जोरदार असतील तर दोन. १२ सेंटिमीटर रुंदीच्या अर्धगोल पन्हळीचं पोट सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर भरतं, त्यामुळे २४ चौरस मीटरच्या पाख्याला ती निवांत पुरते. उतार दर मीटरला एक सेंटिमीटर. ८ मीटर लांबीला दोन टोकांत ८ सेंटिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची पातळी बघून खुणा करा, दोरी ताणा आणि मग आकडे ठोका. आकडे अर्ध्या मीटरवर असावेत, बर्फ पडत असेल तर त्याहून जवळ.

छप्पर उभट असेल तर पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे झेप घेतं. पन्हळीच्या बाहेरच्या काठावर पत्र्याची एक उभी पट्टी लावली की ते आत पडतं. पट्टी साधी आहे, पण तिने वाचणारं पाणी पाहिलं की नवल वाटतं.

पहिलं पाणी सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरड्या दिवसांत छपरावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पानं, परागकण, मेलेले किडे साठतात. पावसाचे पहिले काही क्षण हे सगळं धुऊन आणतात. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. बऱ्यापैकी स्वच्छ छपराला अर्धा मिलिमीटर पाऊस सोडला तरी चालतो, साधारण एक मिलिमीटर धरावा, आणि लांब कोरड्या काळानंतर दोन.

सर्वांत सोपी व्यवस्था म्हणजे एक उभी पाइप. पन्हळीतून येणाऱ्या पाइपला टाकीच्या आधी एक फाटा काढा आणि तो खाली सरळ सोडून बुडाला टोपण लावा. आधी ही पाइप भरते आणि ती भरल्यावरच पाणी टाकीकडे वळतं. ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला साधारण ९ लिटर मावतात. २४ चौरस मीटरच्या पाख्यावरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे २४ लिटर, त्याला पावणेतीन मीटर पाइप लागते. उतारावर घर असेल तर एवढी उंची मिळणं मुळीच कठीण नाही. आत एक हलका चेंडू सोडला तर पाइप भरल्यावर तो वर येऊन तोंड बंद करतो, आणि खालचं घाण पाणी वरच्यात मिसळत नाही.

बुडाच्या टोपणाला दोन-तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा. त्यातून ही पाइप आपोआप थेंब थेंब रिकामी होते आणि पुढच्या पावसाला तयार राहते. ते भोक बुजतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी टोपण उघडा. एकदा हे स्वतःच्या हाताने करून पाहाच. टोपण सैल होताच आधी काळपट पाणी फसकन येतं, मग बोटभर जाडीचा मऊ गाळ, त्यात बिया, पंखाचा तुकडा, किड्यांची टरफलं. हेच सगळं आपण पिणार होतो, हे त्या क्षणी पटतं आणि पुढे टोपण उघडायचा कंटाळा येत नाही.

सूचिपर्णी झाडांच्या सुया जाळीतून जातात. उपाय?

सुई आडवी पडली तर अडकते, उभी आली तर सरळ आत जाते. पन्हळीच्या तोंडाशी सपाट जाळी बसवण्यापेक्षा तिरकी जाळी बसवा, पाणी खाली गळतं आणि कचरा घसरून बाहेर पडतो. जाळी बारीक हवी, आणि टाकीच्या तोंडावर आणखी एक. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या तर कचरा कमी होतो, शिवाय उंदीर, खारी आणि माकडं यांची छपरावर येण्याची वाटही तुटते.

टाकी कुठे ठेवायची?

इथे घाई करू नका. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन वजन, आणि ते तुम्ही उतारावर ठेवताय. घरासाठी जमीन सपाट करताना डोंगराकडची बाजू कापलेली असते आणि दरीकडच्या बाजूला तीच माती टाकून भराव केलेला असतो. भराव वरून कितीही घट्ट दिसला तरी तो बसतो. टाकी नेहमी कापलेल्या, मूळच्या जमिनीवर ठेवा. अर्धी कापावर आणि अर्धी भरावावर ठेवली तर एक बाजू खचते आणि टाकीला तडा जातो.

जागा ठरवण्याआधी उताराकडे नीट पाहा. झाडांचे बुंधे बुडाशी वाकलेले आहेत का? जमिनीत चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का? घराची दारं अलीकडे अडकायला लागली आहेत का? कुठे नवा पाझर फुटलाय का? यांतलं एक जरी दिसलं तर तो उतार सरकत असण्याची शक्यता आहे. तिथे टाकी नको, आधी जाणकाराला दाखवा.

टाकीच्या मागच्या कापलेल्या बाजूला आधारभिंत बांधली तर तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवा आणि भिंतीमागे दगडगोटे भरा. भिंतीमागे अडकलेलं पाणीच भिंत ढकलून पाडतं. भूकंपाचा प्रदेश असेल तर उंच मनोऱ्यावरची टाकी टाळा. बुटकी, रुंद, जमिनीला धरून असलेली टाकी बरी, आणि तिला जोडणारी पाइप थोडी लवचिक असावी.

टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी कुठे सोडायचं?

आधीचं छप्पर पाणी वळचणभर पसरून सोडत होतं. पन्हळ लावल्यावर तेच पाणी तुम्ही एका नळीत गोळा केलंत. टाकी भरली की ते सगळं एका ठिकाणी, एका धारेत पडणार. त्या धारेखालची माती एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते, आणि त्या मातीवर तुमच्या किंवा खालच्या शेजाऱ्याच्या घराचा पाया उभा असू शकतो. टाकी करताना सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दल, आणि डोंगरात सर्वांत महाग पडतं तेही हेच.

म्हणून ओव्हरफ्लोची पाइप टाकीत येणाऱ्या पाइपपेक्षा लहान कधीच नको. ती बंद नळीतून किंवा दगड लावलेल्या पन्हाळीतून थेट नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्या. वाटेत दगडांच्या पायऱ्या केल्या तर पाण्याचा जोर मोडतो. शेवटी जिथे पाणी पडतं तिथे मोठे दगड रचा. आणि खालच्या घराला आधी विचारा. त्यांच्या अंगणात तुमचं पाणी उतरणार असेल तर हा प्रश्न टाकी बांधून झाल्यावर नव्हे, आधी सुटला पाहिजे.

जोराचा पाऊस चालू असताना एकदा बाहेर जाऊन ओव्हरफ्लोच्या तोंडाशी उभं राहा. पाणी स्वच्छ पडतंय की मातकट होत चाललंय, ते पाहा. मातकट होत असेल तर खालची जमीन खरवडली जातेय.

तेच पाणी जमिनीत मुरवलं तर झऱ्याला फायदा होईल ना?

होऊ शकतो, पण जागा चुकली तर दरड येऊ शकते. घराच्या वरच्या अंगाला, आधारभिंतीच्या मागे किंवा सैल मातीच्या उभ्या उतारावर शोषखड्डा कधीही घेऊ नका. पाणी प्यालेली माती जड होते आणि तिची पकड सुटते. झऱ्याला पाणी कुठून मिळतं हे खडकांच्या थरांच्या कलावर ठरतं. पुष्कळदा ते डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडलेलं असतं, त्यामुळे तुमच्या अंगणातला खड्डा तुमच्याच झऱ्याला भरेल याची खात्री नसते. वस्तीपासून दूर, मंद उताराच्या, पक्क्या जमिनीवर गावाने मिळून चर खोदणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग.

टाकी कशाची घ्यावी?

रस्ता घरापर्यंत येतो का, त्यावर बरंच अवलंबून आहे. प्लॅस्टिकची टाकी हलकी असते, माणसांना उचलून नेता येते आणि एका दिवसात बसते. ती काळी किंवा अपारदर्शक हवी, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. उंचीवर ऊन जास्त तिखट असतं, दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होतं. तिच्यावर छोटं छप्पर किंवा वेल चढवा.

मोठी टाकी हवी असेल आणि पायवाटेनेच सामान न्यायचं असेल तर फेरोसिमेंट मला सर्वांत आवडतं. कोंबडीजाळी आणि सळ्यांचा सांगाडा, त्यावर सिमेंट-वाळूचा जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटरचा लेप. दगड-विटांच्या टाकीपेक्षा सामान कितीतरी कमी लागतं आणि सगळं पाठीवरून वर नेता येतं. थायलंडमध्ये १९८० च्या दशकात २,००० लिटरचे असे सिमेंटचे रांजण लाखोंच्या संख्येने घरोघरी बसले, बरेचसे स्थानिक कारागिरांनी बनवलेले. यात जीव आहे तो पाणी मारण्यात. लेप झाल्यावर निदान दोन आठवडे ओली गोणपाटं गुंडाळून ठेवा. थंड, वाऱ्याच्या जागी लेप वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो, तिथे घाई केली की केसासारख्या चिरा पडतात. नव्या टाकीचं पहिलं पाणी चुन्यासारखं कडवट लागतं, ते झाडांना घाला.

थंडीत पाणी गोठतं. टाकी फुटेल का?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. मोठी टाकी सहसा वरून गोठते आणि आत पाणी राहतं, आधी फुटतात त्या पाइपा, नळ आणि पहिल्या पाण्याची उभी पाइप. थंडी पडण्याआधी त्या पूर्ण रिकाम्या करा. टाकीतून घरात येणारी पाइप जमीन जिथवर गोठते त्याखाली पुरा, आणि उघड्या भागाला गवत, लोकर किंवा फोम गुंडाळा. टाकी काठोकाठ भरलेली ठेवू नका. अर्धी जमिनीत पुरलेली किंवा घराच्या भिंतीला लागून उन्हाच्या बाजूला असलेली टाकी कमी गोठते.

बर्फ पडत असेल तर वेगळी अडचण येते. पत्र्यावरून बर्फाचा थर एकदम घसरतो आणि पन्हळ उखडून नेतो. पन्हळ छपराच्या उताराच्या रेषेखाली बसवा, म्हणजे बर्फ तिच्यावरून निघून जातो, किंवा हिवाळ्यापुरती काढून ठेवा. वितळलेल्या बर्फाचं पाणी चांगलं असतं, पण ताज्या भुसभुशीत बर्फाच्या १० सेंटिमीटर थरातून जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं.

हे पाणी थेट पिता येतं का?

तसं पिऊ नका. दिसायला ते काचेसारखं असतं, पण पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस घरात असेल तर इथे हयगय नकोच.

उकळणं हा खात्रीचा उपाय. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांना. त्यानेही जंतू मरतात, फक्त वेळ थोडा जास्त द्यायचा. सपाटीवर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळू द्या.

सरपण वाचवायचं असेल तर क्लोरीन. स्वच्छ दिसणाऱ्या १,००० लिटर पाण्याला चांगल्या, ताज्या ब्लीचिंग पावडरचे साधारण २.५ ग्रॅम लागतात. पावडर टाकीत तशीच टाकू नका. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. निदान अर्धा तास थांबा. थंड पाण्यात क्लोरीन संथ काम करतं, तिथे तासभर थांबलेलं बरं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा.

पारदर्शक बाटल्या सहा तास कडक उन्हात ठेवण्याची पद्धतही चालते, ढगाळ असेल तर दोन दिवस. पण सतत पाऊस नि धुकं असलेल्या दिवसांत तिचा भरवसा धरू नका.

पाणी बेचव लागतं. त्यात क्षार नाहीत म्हणून तब्येतीला वाईट का?

पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, म्हणून ते झऱ्याच्या पाण्यापुढे फिकं लागतं. शरीराला लागणारे क्षार मुख्यतः जेवणातून मिळतात, त्यामुळे पोटभर, चौरस जेवणाऱ्याला काळजी नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो, सामू (pH) साधारण ५.६. सिमेंटच्या टाकीत तो आपोआप सुधारतो. अशा मऊ पाण्यात डाळ लवकर शिजते आणि साबणाला फेस चटकन येतो.

डास, बेडूक, उंदीर?

टाकीला जिथे जिथे तोंड आहे तिथे बारीक जाळी हवी: पाणी येतं तिथे, ओव्हरफ्लोला, हवेच्या नळीला. ओव्हरफ्लोची जाळी लोक विसरतात, आणि उंदीर तिथूनच येतो. झाकण घट्ट असावं, त्याला कडी असावी. माकडांपेक्षाही मोठी भीती लहान मुलांची आहे, मूल वाकून आत पडू शकतं. पन्हळीत पाणी साचून राहत असेल तर तिचा उतार बिघडला आहे. डासाची अळी तिथेही आठवड्याभरात वाढते.

पंप लागेल का?

डोंगराने दिलेली सोय इथे वापरा. टाकीतलं पाणी नळापेक्षा एक मीटर वर असेल तरी नळाला बारीक धार येते, तीन मीटर असेल तर स्वयंपाकघर निभावतं. घराच्या वरच्या अंगाला गोठा, कोठार किंवा शेड असेल तर तिच्या छपराचं पाणी तिथेच टाकीत घ्या आणि पाइपने खाली आणा. विजेशिवाय घरात नळ येतो. उंची फार असेल तर मात्र दाब वाढतो, दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलो. तीस-चाळीस मीटर उतारावरून आणताना वाटेत एक छोटी उघडी टाकी ठेवून दाब मोडा, नाहीतर सांधे सुटतात.

देखभाल किती?

पावसाळ्याआधी छप्पर झाडा, पन्हळ हाताने साफ करा, टाकी रिकामी असेल तेव्हा आत धुऊन घ्या. टाकीत उतरताना एकट्याने उतरू नका, बाहेर एक माणूस हवाच, आणि झाकण बराच वेळ आधी उघडं ठेवा. पावसाळ्यात जाळी आणि उभ्या पाइपचं टोपण पाहत राहा. पाणी काढायचा नळ तळापासून निदान दहा सेंटिमीटर वर असू द्या, म्हणजे खालचा गाळ हलत नाही, आणि गाळ काढायला अगदी तळाशी दुसरं तोंड ठेवा.

टाकीत किती पाणी उरलंय, हे झाकण न उघडता कसं कळेल?

बाहेरून एक पारदर्शक नळी उभी लावली तर पातळी दिसते, पण तिच्यात शेवाळ धरतं, म्हणून ती एरवी झाकून ठेवा. पत्र्याच्या किंवा पातळ प्लॅस्टिकच्या टाकीला बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत या. रिकाम्या भागात आवाज पोकळ येतो, पाणी लागलं की तो एकदम दबतो. दमट दिवसांत हवा ऊबदार आणि पाणी गार असेल तर ठोकायचीही गरज पडत नाही. बाहेरच्या अंगावर दव धरलेलं असतं आणि त्याचा वरचा काठ बरोबर पाण्याच्या रेषेवर असतो. तिथे खडूने खूण करा, तारीख घाला. पाऊस थांबल्यापासून दर आठवड्याला अशी एक खूण पडली की दोन खुणांमधल्या अंतरावरून पुढचे किती आठवडे निघतील ते घरातल्या लहान मुलालाही मोजता येतं.